स्वतःचं डिझाइन सीएनसी प्लाझ्मावर: चित्रापासून कापलेल्या पत्र्यापर्यंत

सीएनसी प्लाझ्मा टेबल म्हणजे गरम वायूच्या झोताने पत्रा कापणारं, संगणकावर चालणारं यंत्र. त्याला चित्र कळत नाही, फक्त रेषा कळते. फोटोतली सावली, लोगोचा रंग, अक्षराची जाडी यांतलं काहीच मशीनपर्यंत पोचत नाही. टॉर्चने, म्हणजे झोत सोडणाऱ्या डोक्याने, कुठून निघून कुठे जायचं, एवढंच पोचतं. म्हणून पत्रा वाया गेला की नोझलला (टॉर्चच्या तोंडाला) दोष देण्याआधी रेखाटन उघडून बघावं. उघडी राहिलेली रेषा, एकावर एक बसलेल्या दोन रेषा, किंवा कापल्याबरोबर खाली पडणारा अक्षराच्या पोटातला तुकडा, असं काहीतरी तिथे बहुतेक वेळा सापडतंच.

पुढचे आकडे ३ मिमी जाडीचा साधा एमएस (माइल्ड स्टील) पत्रा आणि हवेवर चालणारा ४५ ॲम्पिअरचा प्लाझ्मा धरून दिले आहेत. तुमचा पत्रा किंवा पॉवर सोर्स वेगळा असेल, तर त्याच्यासोबत आलेला कटिंग चार्ट प्रमाण मानावा.

काय राहणार, काय पडणार

सॉफ्टवेअर उघडण्याआधी डिझाइन निव्वळ काळ्या-पांढऱ्यात करून बघा. काळा म्हणजे राहणारा पत्रा आणि पांढरा म्हणजे पडणारा, असं एकदा ठरवा आणि शेवटपर्यंत तेच धरा. मग प्रत्येक काळ्या भागावर बोट ठेवून विचारा: हा कशाला धरून आहे? उत्तर नसेल तर तो तुकडा टेबलाखाली जाणार.

देवनागरी अक्षरांत हा प्रश्न जरा मजेशीर होतो. अक्षरंच पत्र्याची ठेवायची असतील, म्हणजे भिंतीवर लावायचं नाव कापायचं असेल, तर शिरोरेषा आपल्या मदतीला येते. ती अख्खा शब्द एकत्र धरते. पण अनुस्वाराचा ठिपका, चंद्रबिंदू आणि विसर्ग कशालाच चिकटलेले नसतात. आणि भ, ध, थ यांच्या डोक्यावर शिरोरेषा तुटते. ‘लाभ’ हा शब्द तसाच कापला तर ‘ला’ आणि ‘भ’ वेगवेगळे हातात येतील. अशा ठिकाणी शिरोरेषा जोडून घ्यावी, किंवा सगळ्या शब्दाखाली १०–१२ मिमी रुंदीची पट्टी द्यावी. दोन शब्दांमधली मोकळी जागाही हाच घोटाळा करते. अनुस्वार मात्रेला किंवा शिरोरेषेला छोट्या देठाने जोडला की नजरेला खटकत नाही.

उलट प्रकारात, म्हणजे पत्र्यातून अक्षरं कापून काढायची असतील, तर शिरोरेषाच अडचण होते. क, व, ब, ठ यांची पोटं बंद असतातच. पण प, म, स, ष यांच्या पोटावर शिरोरेषा झाकण घालते आणि तीही बंद होतात. बहुतेक फाँटमध्ये पहिल्या आणि दुसऱ्या वेलांटीची कमानही शिरोरेषेशी मिळून एक बंद तुकडा करते. या प्रत्येक तुकड्याला एक पूल लागतो, म्हणजे अक्षराच्या रेघेत मधे सोडलेली पत्र्याची पट्टी. ३ मिमी पत्र्यात पूल ३ मिमीपेक्षा अरुंद नको. ४ ते ५ मिमी बरा. मोठ्या किंवा लांबट तुकड्याला एकच पूल दिला तर तो उष्णतेने वाकून वर उचलला जातो, म्हणून समोरासमोर दोन द्यावेत. पूल शक्यतो रेघेला काटकोनात आणि सगळ्या अक्षरांत एकाच दिशेने ठेवावेत. मग ते मुद्दाम केलेल्या घडणीसारखे दिसतात, ठिगळासारखे नाही.

बारकाव्यालाही मर्यादा आहे. टॉर्च पत्र्यात जी फट पाडतो तिला कर्फ म्हणतात. साध्या नोझलने तो सुमारे १.५ मिमी येतो, बारीक कामाच्या नोझलने त्याहून कमी. दोन्ही बाजूंनी कापायची खाच निदान दोन कर्फ रुंद असावी. भोक पत्र्याच्या जाडीइतक्या व्यासाचं पडतं खरं, पण ते नीट गोल हवं असेल तर व्यास जाडीच्या दुप्पट धरावा. बोल्टचं अचूक भोक हवं असेल तर प्लाझ्माने फक्त खूण करून पुढे ड्रिल वापरणं शहाणपणाचं. आतले कोपरे कर्फच्या निम्म्या त्रिज्येने गोल होणारच, त्यावर उपाय नाही.

चित्राची रेषा करणं

जेपीजी किंवा पीएनजी हे ठिपक्यांचं चित्र असतं. त्याचं वेक्टर, म्हणजे रेषांचं चित्र, करावं लागतं. कोरलड्रॉ, इलस्ट्रेटर, इंकस्केप सगळ्यांत ही सोय आहे. इथे फुकट मिळणाऱ्या इंकस्केपची पद्धत देत आहोत.

मूळ चित्र जितकं मोठं तितकं चांगलं. लांब बाजू १५००–२००० पिक्सेल असेल तर काम सोपं जातं. व्हॉट्सॲपवरून आलेला लहानसा लोगो ट्रेस करत, म्हणजे सॉफ्टवेअरकडून आपोआप रेषेत बदलून घेत, बसण्यापेक्षा त्याच्यावरून पेन टूलने हाताने रेषा ओढणं लवकर होतं आणि रेषाही स्वच्छ येते. चित्र ट्रेस करायचंच असेल तर आधी फोटो एडिटरमध्ये कॉन्ट्रास्ट वाढवून करडा रंग पूर्ण काढून टाका.

मग चित्र निवडून पाथ मेनूतलं ‘ट्रेस बिटमॅप’ उघडा. पद्धत ‘ब्राइटनेस कटऑफ’ निवडा. ‘एज डिटेक्शन’ नाव ऐकून योग्य वाटतं, पण ते प्रत्येक कडेच्या दोन्ही बाजूंनी रेषा काढतं आणि एकाच कडेला दोन समांतर मार्ग तयार होतात. मशीन ते दोन्ही इमानदारीने कापतं. ‘स्पेकल्स’चा आकडा वाढवला की धुळीसारखे ठिपके गळतात. ट्रेस झाल्यावर मूळ चित्र खालीच राहतं. ते बाजूला ओढून पुसा.

आता नोड बघा. नोड टूल घेऊन आकारावर क्लिक केलं की रेषेवर बिंदू दिसतात. सरळ कडेवर दहा-बारा बिंदू दिसले तर ते कमी करायलाच हवेत, कारण पुढे जाऊन प्रत्येक दोन बिंदूंमधला भाग एक वेगळी चाल होते. अर्ध्या मिलिमीटरच्या शेकडो चाली आल्या की यंत्राला वेग पकडता येत नाही, ते अडखळत चालतं, टॉर्च एका जागी रेंगाळतो आणि तिथे कर्फ रुंद होऊन कड वितळल्यासारखी येते. ‘सिम्प्लिफाय’ (कंट्रोल+एल) एकदा दाबा, आकार बघा, गरज असेल तर पुन्हा दाबा. तीन-चार वेळा दाबलं की टोकं गोल होऊ लागतात. तिथून पुढे टोकाचे नोड हातानेच नीट करावेत.

मजकूर असेल तर फाँट युनिकोड आणि जाड वळणाचा घ्या. ‘ऑब्जेक्ट टु पाथ’ करून ग्रुप सोडवा, आणि मग सगळी अक्षरं एकत्र निवडून ‘युनियन’ करा. ही पायरी रोमन अक्षरांत बहुधा विसरली तरी चालते, देवनागरीत नाही. प्रत्येक अक्षर आणि काना-मात्रा स्वतःची शिरोरेषा घेऊन येतात आणि त्या एकमेकांवर चढलेल्या असतात. पडद्यावर काळा रंग भरलेला असल्याने ते दिसत नाही, पण बाह्यरेषेत प्रत्येक सांध्यावर शिरोरेषा आडवी कापली जाते. कंट्रोल+५ दाबून ‘आउटलाइन’ दृश्यात बघा. शिरोरेषेत उभ्या रेघा दिसल्या तर युनियन राहिलं आहे.

रेघेला जाडी देऊन काढलेली चित्रं, म्हणजे स्ट्रोक, त्यांनाही ‘स्ट्रोक टु पाथ’ करावं लागतं. नाहीतर ५ मिमी जाड दिसणाऱ्या रेघेची फाइलमध्ये फक्त मधली एकच रेषा जाते.

फाइल बाहेर काढण्याआधीची सफाई

या कामाला अर्धा तास लागला तरी तो सत्कारणी लागतो. आउटलाइन दृश्यात झूम करून तीन गोष्टी शोधा.

पहिली, उघड्या रेषा. आकार बंद नसेल तर कॅम सॉफ्टवेअरला (रेखाटनावरून टॉर्चचा मार्ग ठरवणाऱ्या) आत-बाहेर कळत नाही, त्यामुळे ते कर्फची भरपाई (मार्ग रेषेपासून अर्धा कर्फ बाजूला सरकवणं) देत नाही किंवा तो आकार सोडूनच देतं. इंकस्केप उघड्या आकारातही रंग भरतं, म्हणून रंगावर विसंबू नका. टोकाचे दोन नोड निवडून शिफ्ट+जे दाबलं की ते जुळतात.

दुसरी, एकावर एक रेषा. संशय असलेला आकार निवडून जरा सरकवा; खाली तसाच दुसरा दिसला तर पुसा. दुहेरी रेषेवर टॉर्च दुसऱ्यांदा जातो तेव्हा खाली पत्राच नसतो. आर्क (कापणारी विजेची ज्योत) तुटतो, तो परत पेटवायचा प्रयत्न होतो, नोझल-इलेक्ट्रोड फुकट झिजतात.

तिसरी, माप. आकाराची रुंदी मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. कॅममध्ये उघडल्यावर ती जुळली नाही, तर किती पटींनी चुकली ते बघितलं की कारण कळतं. २५.४ पट मोठं किंवा लहान आलं असेल तर इंच-मिमीची गल्लत आहे. ६–७ टक्क्यांचा फरक असेल तर फाइल इंकस्केपच्या ०.९२ आधीच्या आवृत्तीतली असण्याची शक्यता मोठी: तेव्हा इंचाला ९० पिक्सेल धरत, नंतर ९६ धरू लागले.

आता डीएक्सएफ (कॅमला वाचता येणारी रेखाटनाची फाइल) करा. इंकस्केपमध्ये ‘डेस्कटॉप कटिंग प्लॉटर, आर१४’ हा प्रकार निवडून एकक मिमी ठेवा. डीएक्सएफमध्ये वक्र कधी छोट्या सरळ तुकड्यांत मोडून जातात. स्प्लाइन ठेवली तर वक्र वक्रच राहतात, पण तुमचं कॅम ते वाचतं का हे एकदा तपासा. शीटकॅमसारखी कॅम सॉफ्टवेअर इंकस्केपची एसव्हीजी फाइल थेट उघडतात. मग ही पायरी वगळली तरी चालेल.

कॅम: टॉर्चचा मार्ग

इथे रेखाटनाचं कापकाम होतं. टूलमध्ये कर्फ, वेग, पिअर्सची (सुरुवातीला पत्रा आरपार भेदण्याची) उंची, पिअर्सचा विलंब आणि कापण्याची उंची भरायची. ४५ ॲम्पिअरच्या हवेच्या प्लाझ्माला पिअर्स ३.८ मिमी उंचीवर आणि कापणं १.५ मिमी उंचीवर, ही सर्रास वापरली जाणारी जोडी आहे. ३ मिमीला विलंब सेकंदाच्या काही दशांशांचा पुरतो. पिअर्स जवळून केलं तर उडालेलं वितळलेलं लोखंड सरळ नोझलवर बसतं. विलंब कमी पडला तर भोक आरपार होण्याआधीच टॉर्च चालू लागतो आणि सुरुवातीचा भाग कापलाच जात नाही.

कर्फ अंदाजाने भरू नका, मोजा. कर्फ १.५ मिमी भरून ५० मिमीचा चौकोन बाहेरच्या बाजूने कापा. स्लॅग (कडेला थिजलेलं लोखंड) काढून कॅलिपर लावा. तुकडा ५०.३ मिमी आला तर टॉर्चने प्रत्यक्षात १.२ मिमीच खाल्लं, तेच भरा. तुकडा ४९.८ आला तर खरा कर्फ १.७. भरपाई बरोबर असेल तरच रेखाटनातला ४ मिमीचा पूल पत्र्यावर ४ मिमीचा येतो. ती बंद असेल तर दोन्ही कडांनी मिळून एक कर्फ जातो आणि हातात अडीच मिमीची काडी उरते. भरपाई कॅममध्ये घेतली असेल तर कंट्रोलरमधली (मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधली), म्हणजे जी४१ किंवा जी४२, वापरू नका. दोन्ही चालू राहिल्या तर माप दुप्पट सरकतं.

कापण्याची दिशा बऱ्याच जणांना किरकोळ वाटते, पण ती नाही. नोझलमध्ये वायू भोवऱ्यासारखा फिरतो, त्यामुळे टॉर्चच्या चालीच्या उजवीकडची कड सरळ येते आणि डावीकडची तिरकी. म्हणून चांगला भाग कायम उजव्या हाताला ठेवायचा: बाहेरची कड घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, आतली भोकं उलट दिशेने. (वायू उलटा फिरवणारी स्वर्ल रिंग असेल तर हे सगळं उलट.)

लीड-इन म्हणजे पिअर्सपासून खऱ्या रेषेपर्यंतची वाट. पिअर्सची जागा फुटल्यासारखी रुंद होते, म्हणून ती टाकाऊ भागात हवी. ३ मिमी पत्र्याला ४ ते ६ मिमीची, शक्यतो कमानदार वाट द्या. अक्षरं कापून काढताना गफलत इथेच होते. रेघ ५ मिमी रुंद आणि लीड-इन ६ मिमी असली, तर सुरुवातच समोरच्या कडेवर होते आणि तिथे खड्डा पडतो. अशा वेळी सुरुवातीचा बिंदू हाताने हलवून रेघेच्या लांबीच्या दिशेने, तिच्या टोकाशी ठेवावा. लहान भोकात केंद्रातून सुरुवात करा, वेग नेहमीच्या ६० टक्क्यांच्या आसपास आणा आणि लीड-आउट (शेवटी रेषेतून बाहेर पडायची वाट) शून्य ठेवा. नाहीतर जिथे रेषा मिळते तिथे दात उरतो.

क्रम आतून बाहेर. बाहेरची कड आधी कापली तर तुकडा हलतो किंवा झुकतो आणि मग आतली भोकं तिरपी जागा धरतात. पातळ पत्र्यात शेजारशेजारचे आकार ओळीने कापू नका. उष्णता एका जागी साठून पत्रा फुगतो. थोडे लांब-लांबचे आकार आलटून पालटून घ्या.

जी-कोड आणि पोस्ट

पोस्ट प्रोसेसर म्हणजे कॅमने ठरवलेली वाट तुमच्या कंट्रोलरच्या बोलीत, म्हणजे जी-कोडमध्ये, लिहिणारा दुभाषी. मॅक३, लिनक्ससीएनसी, ग्रबल यांची बोली थोडी थोडी वेगळी आहे. दुसऱ्याच्या मशीनचं पोस्ट उचलून लावू नका. फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून पहिल्या वीस ओळी वाचायची सवय ठेवा. जी२१ म्हणजे मिमी, जी२० म्हणजे इंच. जी९० म्हणजे मापं मूळबिंदूपासून. एम३ टॉर्च पेटवतो, एम५ विझवतो. एम३ नंतरचा जी४ हा पिअर्सचा विलंब. लिनक्ससीएनसी आणि ग्रबल त्याचा आकडा सेकंदांत वाचतात, तर मॅक३मध्ये सेटिंगनुसार तो मिलिसेकंदही असू शकतो. तसं असेल तर ‘पी०.५’ म्हणजे जवळजवळ काहीच नाही, आणि प्रत्येक पिअर्स अर्धवट राहील.

पडद्यावर अचानक टेबलापेक्षा मोठी वर्तुळं दिसली तर घाबरू नका. कमानींचं केंद्र कंट्रोलर मूळबिंदूपासून मोजतोय आणि पोस्टने ते कमानीच्या सुरुवातीपासून लिहिलंय, किंवा याच्या उलट. जी९०.१ आणि जी९१.१ यांतला योग्य तो निवडला की वर्तुळं जागेवर येतात.

टेबलावर

अर्थ क्लॅम्प रंग-गंज घासलेल्या जागी, शक्यतो थेट पत्र्यावर लावा. एअर लाइनमधलं पाणी काढा. ओल्या हवेने इलेक्ट्रोड झपाट्याने जातो. शून्य बिंदू ठरवून टॉर्च न पेटवता पूर्ण प्रोग्राम एकदा फिरवा आणि टोकं पत्र्याच्या आत राहतात ना, ते बघा. नवं डिझाइन असेल तर आधी टाकाऊ पत्र्यावर एकच अक्षर कापावं.

टॉर्चची उंची राखणारा टीएचसी आर्कच्या व्होल्टेजवर चालतो: अंतर वाढलं की व्होल्टेज वाढतं आणि तो टॉर्च खाली आणतो. पण टोकदार कोपऱ्यावर वेग कमी झाला किंवा आधी कापलेली फट ओलांडली तरीही व्होल्टेज वाढतं. टीएचसी फसतो आणि टॉर्च पत्र्यात घुसवतो. म्हणून वेग ठरावीक टक्क्यांखाली गेला की टीएचसी थांबेल अशी सोय चालू ठेवा. लहान भोकं आणि बारीक अक्षरांना तो सरळ बंद केलेला बरा.

कापलेले तुकडे कधी कधी टेबलाच्या पट्ट्यांवर उभे राहतात आणि टॉर्च मोकळा धावताना त्यांना धडकतो. मोकळ्या धावेची उंची २०–२५ मिमी ठेवली तर बराच धोका टळतो.

४० ते ६० ॲम्पिअरच्या आर्कसाठी डोळ्यांवर निदान ६ नंबरची शेड हवी. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पत्र्याचा जस्ताचा धूर ओढून घेणारा पंखा नसेल तर तो पत्रा घेऊच नका. पाण्याच्या टेबलावर ॲल्युमिनियम कापताना हायड्रोजन तयार होऊन पत्र्याखाली साठतो, आणि तो पेट घेतो.

कड काय सांगते

खालच्या कडेला जाड, बुडबुड्यांसारखी, हातोडीच्या टिचकीने सुटणारी स्लॅग म्हणजे वेग कमी. बारीक, घट्ट चिकटलेली, ग्राइंडरशिवाय न निघणारी रेघ म्हणजे वेग जास्त. कडेवरच्या ओरखड्यांच्या रेषा मागे फार झुकलेल्या असतील तरी तेच. सगळ्या बाजूंनी कड तिरकी असेल तर टॉर्च उंच आहे. एकाच बाजूने असेल तर टॉर्च काटकोनात नाही किंवा दिशा चुकली आहे. वळणांवर पायऱ्या दिसत असतील तर नोडकडे परत जा. आणि काल नीट आलेली तीच फाइल आज वाईट येत असेल, तर फाइलला हात न लावता टॉर्च उघडा: नोझलचं भोक लंबगोल झालेलं असेल किंवा इलेक्ट्रोडच्या टोकाचा खड्डा १.६ मिमीहून खोल गेला असेल, तर दोन्ही एकदमच बदला आणि ५० मिमीचा चौकोन पुन्हा कापून कर्फ नव्याने भरा.